बॅकअप घ्यायचा तर कशावर? घरच्या संगणकातील माहिती जपण्यासाठी साधनाची निवड

आपल्यापैकी ज्यांच्या घरी संगणक किंवा लॅपटॉप आहे, त्यांनी त्यात काय काय साठले आहे ते एकदा सवडीने पाहावे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि उत्पन्नाच्या दाखल्यांचे स्कॅन असतात. आई-वडिलांच्या लग्नाचे फोटो असतात, ज्यांची मूळ प्रत आता फाटून गेली आहे. जयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांचे चित्रीकरण असते. मंडळाचा जमाखर्च, बैठकांची इतिवृत्ते, माहिती अधिकारात मिळवलेली कागदपत्रे असतात. कुणी मेहनतीने जुन्या कॅसेटवरून भीमगीते उतरवून घेतलेली असतात.

यातले बरेचसे साहित्य दुसरीकडे कुठेही नसते. आपल्या वस्तीतल्या सभेचे फोटो वर्तमानपत्राच्या दप्तरात सापडत नाहीत. गावोगावी गायलेल्या गायकाचा आवाज कोणत्याही कंपनीच्या संग्रहात नसतो. ते आपल्या संगणकातून गेले की कायमचे गेले.

आणि जायला कारणे भरपूर आहेत. हार्डडिस्क बंद पडते, लॅपटॉप चोरीला जातो, घाईत चुकीचे फोल्डर डिलीट होते. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार बंद केला, त्यामुळे अनेक घरांत संगणक बदलणे किंवा फॉरमॅट करून नवी विंडोज टाकणे सुरू आहे. या गडबडीतही माहिती हरवते.

म्हणून तरुण मित्र आम्हाला नेहमी विचारतात, "बॅकअपसाठी कोणती हार्डडिस्क चांगली?" या प्रश्नाला एका कंपनीचे नाव हे उत्तर नाही. कितीही महाग साधन घेतले तरी त्या एकट्यावर भरवसा ठेवता येत नाही. दोन साधने, दोन वेगळ्या जागा आणि अधूनमधून तपासणी एवढे सांभाळले, तर मध्यम किमतीची साधी हार्डडिस्कही आपले काम चोख करते. हे कसे, ते या लेखात क्रमाने पाहू.

बॅकअप कशाला म्हणायचे?

एकाच माहितीची दुसरी प्रत, दुसऱ्या उपकरणावर असणे म्हणजे बॅकअप. व्याख्या सोपी आहे, पण व्यवहारात तीन गैरसमज फार आढळतात.

पहिला गैरसमज डी ड्राइव्हचा. "विंडोज उडाली तरी चालेल, माझे सगळे डी ड्राइव्हमध्ये आहे," असे अनेकजण सांगतात. बहुतेक घरगुती संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. विंडोज बिघडली तर डी वाचतो हे खरे, पण डिस्कच बंद पडली तर सी आणि डी दोन्ही एकदम जातात.

दुसरा गैरसमज जागा मोकळी करण्याचा. लॅपटॉप भरला म्हणून फोटो एक्स्टर्नल हार्डडिस्कवर हलवले आणि लॅपटॉपमधून काढून टाकले, की लोक समजतात बॅकअप झाला. प्रत मात्र आधीही एकच होती आणि आताही एकच आहे. फरक एवढाच, की आता ती हातातून पडू शकणाऱ्या वस्तूवर आहे.

तिसरा गैरसमज व्हॉट्सॲपचा. "ग्रुपवर टाकलेत की सगळे फोटो," हे वाक्य प्रत्येक मंडळात ऐकू येते. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप आकाराने लहान करून पाठवते, त्यामुळे तो पुढे मोठा छापायला निघत नाही. शिवाय फोनमधून फोटो काढून टाकले की जुने संदेश उघडून ते पुन्हा डाउनलोड करता येतीलच असे नाही. मूळ दर्जाचा फोटो पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. तरीही ग्रुप ही साठवणीची जागा नाही.

साधने कोणती आणि कोणते कशासाठी?

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही माहिती इकडून तिकडे नेण्याची साधने आहेत. सायबर कॅफेत प्रिंट काढायला, प्रोजेक्टरला जोडायला ती उत्तम. पण स्वस्त पेनड्राइव्हमध्ये वापरलेल्या चिपचा दर्जा बाहेरून कळत नाही, तो सहज हरवतो आणि बिघडताना बहुधा काहीच पूर्वसूचना देत नाही. एकमेव बॅकअप म्हणून पेनड्राइव्ह ठेवू नये.

एक्स्टर्नल हार्डडिस्क हे घरगुती बॅकअपसाठी आजही सर्वांत परवडणारे साधन आहे. तिच्या आत चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या वेगाने फिरतात आणि त्यांच्यावरून माहिती वाचणारे हेड सरकते. तबकडी आणि हेड यांच्यातले अंतर केवळ काही नॅनोमीटर असते, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी. म्हणूनच चालू हार्डडिस्क टेबलावरून खाली पडली तर हेड तबकडीवर आपटून माहिती खरवडली जाऊ शकते. पडण्याचा धोका सोडला तर कपाटात ठेवलेली हार्डडिस्क वीज नसतानाही माहिती दीर्घकाळ धरून ठेवते.

हार्डडिस्कचे दोन प्रकार मिळतात. अडीच इंची छोटी हार्डडिस्क यूएसबी वायरमधूनच वीज घेते, ती खिशात मावते. साडेतीन इंची मोठीला भिंतीच्या प्लगमधून वेगळा अडॅप्टर लागतो, पण तिच्यात जास्त जागा मिळते. घरासाठी छोटी सोयीची. व्हिडिओचा मोठा साठा असलेल्या संस्थेने मोठीचा विचार करावा.

एक्स्टर्नल एसएसडीमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. माहिती चिपमधल्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभाराच्या रूपात साठते. त्यामुळे ती वेगवान असते, आवाज करत नाही आणि पडण्या-आदळण्याला हार्डडिस्कपेक्षा कितीतरी चांगली टिकते. रोज बॅगेत घेऊन फिरणाऱ्या, चित्रीकरण आणि संकलन करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी एसएसडी योग्य.

मात्र तिच्या दोन मर्यादा आहेत. एक, तेवढ्याच जागेसाठी ती हार्डडिस्कपेक्षा महाग पडते. दोन, वीज न देता खूप काळ ठेवली तर कप्प्यांतला भार हळूहळू गळतो. सेमीकंडक्टर क्षेत्राची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या निकषानुसार, सामान्य ग्राहकांसाठीच्या एसएसडीने तिची लिहिण्याची ठरलेली मर्यादा पूर्ण वापरून झाल्यानंतरही ३० अंश सेल्सिअस तापमानात विजेविना १ वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी, कमी वापरलेली एसएसडी यापेक्षा बराच जास्त काळ टिकवते. पण तापमान वाढले की हा काळ कमी होतो. म्हणून "वर्षानुवर्षे कपाटात ठेवायचे आहे" अशा कामाला एसएसडी घेऊ नये. घेतली असेल तर दर काही महिन्यांनी संगणकाला जोडून माहिती वाचून पाहावी.

सीडी आणि डीव्हीडीचा काळ जवळपास संपला. घरी लिहिलेल्या डीव्हीडीमधला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो, आणि नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी लावायची सोयच नसते. ज्यांच्याकडे जुन्या लग्नाच्या, परिषदांच्या डीव्हीडी पडून आहेत त्यांनी त्या लवकर हार्डडिस्कवर उतरवून घ्याव्यात.

इंटरनेटवरची साठवण, म्हणजे गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांसारख्या सेवा, तिसरी प्रत म्हणून फार उपयोगी आहेत, कारण ती प्रत घराबाहेर असते. गुगलच्या एका खात्यावर १५ जीबी जागा मोफत मिळते, ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून असते. महत्त्वाची कागदपत्रे आणि निवडक फोटो त्यात मावतात. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सलग २ वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल बंद करून त्यातली माहिती काढून टाकू शकते. आणि संगणकाशी 'सिंक' केलेले फोल्डर हा पूर्ण बॅकअप नसतो. संगणकावर फाइल डिलीट केली की ती तिकडूनही जाते, आणि कचरापेटीत ती ठरावीक दिवसच राहते.

शासकीय दाखल्यांसाठी डिजिलॉकर वापरावे. संबंधित कार्यालयाने डिजिलॉकरमध्ये थेट उपलब्ध करून दिलेल्या कागदपत्रांना मूळ कागदपत्रांइतकीच मान्यता आहे. आपण स्वतः स्कॅन करून त्यात चढवलेल्या फाइलला मात्र ती मान्यता मिळत नाही, ती फक्त प्रत असते.

किती जागा घ्यावी?

अंदाज काढणे सोपे आहे. फोनवरचा एक फोटो साधारण ५ एमबीचा धरला तर २०,००० फोटोंना १०० जीबी लागतात. फुल एचडी चित्रीकरणाला मिनिटाला साधारण १०० एमबी धरावेत, म्हणजे ३ तासांच्या कार्यक्रमाला १८ जीबी. ६० मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने, दाबून लहान न करता उतरवली तर सुमारे ६३५ एमबी होते. अशा १०० कॅसेट ६४ जीबीत बसतात. कागदपत्रांचे स्कॅन या मानाने नगण्य.

आज संगणकात जेवढी माहिती आहे तिच्या निदान दुप्पट जागेची डिस्क घ्यावी. बहुतेक घरांना १ किंवा २ टीबी पुरते. १ टीबीची डिस्क जोडल्यावर विंडोज ९३१ जीबी दाखवते, त्यात फसवणूक नाही. कंपनी १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्ये एवढे बाइट धरते. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून आकडा कमी दिसतो.

खरेदी करताना काय पाहावे?

वेग ठरतो तो यूएसबीच्या प्रकारावर. जुने यूएसबी २.० कागदोपत्री सेकंदाला ४८० मेगाबिट वाहून नेते, प्रत्यक्षात साधारण ३५ एमबी मिळतात. यूएसबी ३.० आणि त्यापुढच्या पोर्टवर साधी हार्डडिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास चालते. म्हणजे ५०० जीबीच्या मोठ्या फाइली जुन्या पोर्टवरून न्यायला चार तास लागतील, तर नव्यावरून दीड तास. यूएसबी ३.० चे पोर्ट बऱ्याच संगणकांवर आतून निळ्या रंगाचे असते. हार्डडिस्क नवी असूनही हळू चालत असेल तर आधी पोर्ट आणि वायर तपासावी.

हार्डडिस्क बनवणाऱ्या कंपन्या आज जगात तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाजारात दुसरे नाव दिसले तरी आतली तबकडी यांच्यापैकीच कुणाची तरी असते. त्यामुळे "अमुक कंपनी कधीच खराब होत नाही" या वादात वेळ घालवू नये. अमेरिकेतील बॅकब्लेझ ही ऑनलाइन बॅकअप कंपनी आपल्याकडच्या लाखो हार्डडिस्कांची आकडेवारी २०१३ पासून प्रसिद्ध करते. त्यात अलीकडच्या वर्षांत दरवर्षी बंद पडणाऱ्या डिस्कांचे एकूण प्रमाण १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान दिसते. त्या डिस्क वातानुकूलित केंद्रात स्थिर ठेवलेल्या असतात. आपली डिस्क दुचाकीच्या डिकीतून फिरते हे विसरू नये.

हमी, म्हणजे वॉरंटी, बघावी. एक्स्टर्नल हार्डडिस्कला साधारण २ ते ३ वर्षे आणि काही एसएसडींना ५ वर्षे मिळते. पण हमी उपकरणाची असते, आतल्या माहितीची नसते. डिस्क बिघडली तर कंपनी दुसरी देते, आपले फोटो देत नाही.

बनावट मालापासून सावध राहावे. "१६ टीबी एसएसडी" अगदी नगण्य किमतीत दिसली तर ती नक्कीच बनावट. अशा डब्यात लहानसे मेमरी कार्ड बसवून संगणकाला खोटा आकडा दाखवण्याची युक्ती केलेली असते. खरी जागा भरेपर्यंत सगळे ठीक वाटते, पुढच्या फाइली मात्र उघडतच नाहीत. पक्के बिल देणाऱ्या दुकानातून किंवा कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून खरेदी करावी. घरी आणल्यावर विंडोजवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' आणि लिनक्स किंवा मॅकवर 'एफथ्री' हे मोफत प्रोग्राम चालवावेत. ते पूर्ण जागा भरून आणि पुन्हा वाचून खरी क्षमता सांगतात. याला काही तास लागतात, पण नव्या डिस्कची परीक्षाही त्यातच होते.

बॅकअपसाठी जुनी, वापरलेली हार्डडिस्क विकत घेऊ नये. ती आधी किती चालली आणि किती पडली हे आपल्याला कळत नाही.

पहिल्या दिवशी करायची कामे

डिस्क कोणकोणत्या संगणकांना जोडायची आहे त्यावरून तिचा फॉरमॅट ठरवावा. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो पण तिच्यावर स्वतःहून लिहीत नाही. मात्र लिहिणे चालू असताना वायर निघाली किंवा वीज गेली तर एक्सफॅटमध्ये नुकसान होण्याची शक्यता जास्त असते. जुना फॅट३२ टाळावा, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि कार्यक्रमाचे चित्रीकरण तिथेच अडते.

डिस्कवर सभासदांचे फोन नंबर, आधारच्या प्रती, तक्रारींची कागदपत्रे असतील तर तिला पासवर्ड असलाच पाहिजे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असते, मॅकमध्ये स्वतःची सोय असते आणि व्हेराक्रिप्ट हा मोफत प्रोग्राम सर्वत्र चालतो. पासवर्ड आणि रिकव्हरी की कागदावर लिहून डिस्कपासून वेगळ्या ठिकाणी ठेवावी. पासवर्ड विसरला तर ती माहिती कुणीही परत मिळवून देऊ शकत नाही.

मग डिस्कवर नाव आणि खरेदीची तारीख लिहिलेली पट्टी चिकटवावी.

तीन प्रती, दोन प्रकार, एक बाहेर

बॅकअपचा जगभर वापरला जाणारा एक साधा नियम आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी तो लोकप्रिय केला. माहितीच्या एकूण ३ प्रती असाव्यात, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी १ घराबाहेर असावी. आपल्या भाषेत सांगायचे तर एक प्रत संगणकात, एक हार्डडिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी किंवा इंटरनेटवर.

बाहेरची प्रत कशासाठी, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूण पाण्याखाली गेले. संगणक आणि त्याशेजारी ठेवलेली हार्डडिस्क एकाच पाण्यात भिजतात. चोरही दोन्ही एकदमच नेतो.

दुसरे कारण रॅन्समवेअर. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांमधल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. असा व्हायरस आला की संगणकाला त्या वेळी जोडलेली एक्स्टर्नल डिस्कही सापडते. म्हणून बॅकअप झाल्यावर डिस्क काढून ठेवावी. ती कायम जोडून ठेवू नये.

आणि इंटरनेटवर आहे म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा केंद्राला आग लागली आणि ज्यांची दुसरी प्रत नव्हती अशा ग्राहकांची माहिती गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी डेटा केंद्र जळाले. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्ह या सेवेची बाहेर प्रतच नव्हती, आणि ८५८ टीबी माहिती नष्ट झाली. पैसा आणि तज्ज्ञ यांची कमतरता नसलेल्या ठिकाणी ही गत होते, तर एका डिस्कवर विसंबलेल्या मंडळाने काय ते समजून घ्यावे.

आमची सूचना अशी: एक महागडी डिस्क घेण्याऐवजी तेवढ्याच पैशांत दोन साध्या हार्डडिस्क घ्याव्यात, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक घरी राहील. दुसरी बहिणीकडे, मामाकडे किंवा विश्वासू मित्राकडे. दर दोन-तीन महिन्यांनी भेट होईल तेव्हा अदलाबदल करावी.

बॅकअप घ्यायचा कसा?

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी ही सोय आधीपासून असते. ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या फोल्डरांच्या प्रती घेते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. पण डी ड्राइव्हमधले फोल्डर तिच्यात आपोआप येत नाहीत, ते लायब्ररीत जोडावे लागतात. हे न केल्यामुळे बॅकअप चालू असूनही महत्त्वाची माहितीच त्यात नसते. मॅकवर टाइम मशीन आहे. लिनक्सवर देजा डूप सोपे आहे. हे काहीच जमत नसेल तर तारखेचे फोल्डर करून सरळ कॉपी-पेस्ट करावे, तेही चालेल. जुन्या तारखेचे फोल्डर लगेच पुसू नये, कारण फाइल बिघडल्याचे कधी कधी महिन्यांनी लक्षात येते.

वेळ ठरवून घ्यावी. रोज काम करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा, बाकीच्यांनी महिन्यातून एकदा. मोठा कार्यक्रम झाला की त्याच रात्री. कॅमेऱ्याचे किंवा फोनचे कार्ड दोन प्रती झाल्याशिवाय पुसू नये.

तपासणी नसेल तर बॅकअप नाही

१९९८ मध्ये पिक्सार या प्रसिद्ध ॲनिमेशन कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या बहुतेक फाइली एका चुकीच्या आज्ञेमुळे पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता आणि ते कुणी तपासलेच नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन ससमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर फाइलींची प्रत ठेवलेली होती.

यातून घ्यायचे ते हे, की दर तीन महिन्यांनी बॅकअपच्या डिस्कवरून वेगवेगळ्या फोल्डरांतल्या दहा-बारा फाइली उघडून पाहाव्यात. एक व्हिडिओ मध्यापासून चालवून बघावा. शक्य असल्यास दुसऱ्याच संगणकावर उघडावे. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये डिस्कची प्रकृती दिसते. 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसले तर त्याच दिवशी दुसरी प्रत काढावी. मात्र 'गुड' दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. गुगलने २००७ मध्ये आपल्या हार्डडिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी अर्ध्याहून अधिक डिस्कांनी धोक्याच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती.

उन्हाळा, पावसाळा आणि हाताळणी

बऱ्याच एक्स्टर्नल हार्डडिस्कांच्या माहितीपत्रकात चालवण्याचे तापमान ५ ते ३५ अंश दिलेले असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा दुपारी तासन्‌तास कॉपी लावू नये, पहाटे किंवा रात्री लावावी. डिस्क उशीवर, गादीवर ठेवू नये, खालून हवा लागू द्यावी. पत्र्याच्या घरात माळ्यावर किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नये. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात ती झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

वायर ओढून काढू नये. आधी पडद्यावर 'सेफली रिमूव्ह' करावे, फिरण्याचा आवाज थांबू द्यावा आणि मगच उचलावी. वीज वारंवार जात असेल तर कॉपी करण्याचे काम चार्ज असलेल्या लॅपटॉपवरून करावे. पाच-सहा वर्षे झालेली डिस्क चालू असली तरी तिच्या जोडीला नवी घ्यावी.

डिस्क बिघडलीच आणि दुसरी प्रत नसेल, तर सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती लगेच बंद करणे. कटकट आवाज येत असताना पुन्हा पुन्हा चालू करून पाहिल्याने उरलेली माहितीही जाते. विंडोज 'फॉरमॅट करा' म्हणाली तर 'नाही' म्हणावे. फ्रीजमध्ये ठेवणे, घरी उघडणे असले उपाय करू नयेत. डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी आणि उघडण्याआधीच खर्चाचा आकडा लेखी घ्यावा. हा खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकतो, आणि यशाची खात्री नसते.

मंडळांनी आणि संस्थांनी काय करावे?

आपल्या बहुतेक मंडळांत सगळी माहिती एका उत्साही कार्यकर्त्याच्या लॅपटॉपमध्ये असते. त्याची बदली झाली, नोकरीसाठी तो पुण्याला गेला किंवा काही कारणाने दुरावा आला, की दहा वर्षांचा संग्रह त्याच्याबरोबर जातो. यात दोष त्याचा नसतो. मंडळाने कधी व्यवस्थाच केलेली नसते.

म्हणून बॅकअपची डिस्क मंडळाच्या पैशातून घ्यावी आणि तिची नोंद मालमत्ता वहीत करावी. दोन डिस्क दोन वेगवेगळ्या पदाधिकाऱ्यांकडे असाव्यात, निदान एक डिस्क महिला कार्यकर्तीकडे. पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्ष आणि सचिव दोघांकडे असावा. कार्यकारिणी बदलली की दप्तराबरोबर डिस्कही सोपवली जावी आणि तसे इतिवृत्तात लिहावे. फोल्डरांना साल, ठिकाण आणि प्रसंग अशी नावे द्यावीत. शिवाय एक साधी यादी ठेवावी: फोटोत कोण आहे, कुणी काढला, गाणे कुणी गायले. नावे सांगणारी वडीलधारी माणसे आज आपल्यात आहेत तोवर हे काम करून घ्यावे, कारण नाव-गाव नसलेला फोटो जपून ठेवला तरी पुढच्या पिढीला त्याचा अर्थ लागणार नाही.

३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून २०११ पासून पाळला जातो. आपल्याकडे तो आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस असल्याने सहज लक्षात राहतो. मंडळाचे हिशेब पूर्ण करताना त्याच दिवशी डिस्कांची वार्षिक तपासणी करण्याचा नियम करता येईल.

पण पहिल्या प्रतीसाठी मार्चची वाट पाहू नये. येत्या रविवारी एवढे करा: घरातल्या सर्वांची प्रमाणपत्रे आणि दाखले एका फोल्डरमध्ये आणा. ज्यांचे पुन्हा मिळणे शक्य नाही असे फोटो आणि ध्वनिमुद्रणे दुसऱ्या फोल्डरमध्ये. दोन्ही फोल्डर आज हाताशी जे साधन असेल त्यावर उतरवा आणि एक प्रत घराबाहेर पोहोचवा. चांगली डिस्क पुढच्या पगाराला घेता येईल.